जुनी मोटार अडखळते तेव्हा

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात आजवर लोणची-मुरंब्यांपासून मृत्युपत्रापर्यंत अनेक विषयांवर व्याख्याने झाली. मोटारीच्या इंजिनावर मात्र हे पहिलेच. विषय जाहीर झाला तेव्हा "हा पुरुषांचा प्रांत, आपल्याला काय करायचाय?" असे दोघीतिघींनी मला विचारले. मी त्यांना एवढेच म्हटले, की आपल्यापैकी कितीजणी आज स्वतः गाडी चालवितात ते मोजा. कुणी मुलांना शाळेत पोचवितात, कुणी दवाखान्याच्या फेऱ्या घालतात, कुणी शेतावर जातात. गाडी जिच्या हातात, तिचे दुखणेही तिनेच ओळखावयास हवे. मी इंजिनिअर नाही. पण आमच्या घरी एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिने मला जे शिकविले ते आज आपणांपुढे मांडते.

या गाडीची थोडी कुळकथा सांगते. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 डिलाइट ही गाडी 1964 पासून तयार होऊ लागली आणि पुढे 1974 साली तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. चार सिलिंडरांचे, 1089 सीसीचे साधे इंजिन. सन 2000 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी निवृत्त झाली. टॅक्सी गेल्या, पण खाजगी पद्मिनी पुष्कळ घरांत अजून आहेत. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून आम्हीही आमची चालवितो. तिच्यात संगणक नाही. जे काही आहे ते बॉनेट उघडताच डोळ्यांना दिसते. म्हणून शिकण्यासाठी ही गाडी फार चांगली.

आता मूळ दुखण्याकडे वळू. गाडी चालू होते, उभ्या जागी गोड चालते. पण वेग वाढविण्यासाठी पॅडल दाबले की ती पुढे जाण्याऐवजी क्षणभर थबकते. जणू श्वास अडकला. मग एक गचका देते आणि निघते, नाहीतर सरळ बंद पडते. आपले मिस्त्री याला "पिकअप घेत नाही" म्हणतात.

ही केवळ गैरसोय आहे असे कुणी समजू नये. दोन वर्षांपूर्वी मी सासूबाईंना डोळे तपासण्यासाठी वाईहून साताऱ्यास नेत होते. पाचवडला महामार्ग लागतो. उजवीकडे बराच मोकळा रस्ता पाहून मी गाडी पुढे घातली, पॅडल दाबले, आणि गाडी तिथेच थबकून बंद पडली. निम्मी रस्त्यावर, निम्मी बाहेर. उसाने भरलेला ट्रक येत होता. त्या भल्या माणसाने लांबूनच ब्रेक लावले म्हणून निभावले. मागे बसलेल्या सासूबाईंना नीट दिसत नव्हते. त्या विचारीत होत्या, "का गं, पोचलो का?" त्या क्षणी मी ठरविले, की हे दुखणे समजून घेतल्याशिवाय या गाडीत कुणालाही बसवायचे नाही. आपणांसही माझे सांगणे आहे, की गाडी अशी अडखळू लागली तर ती दुरुस्त होईपर्यंत महामार्ग ओलांडू नका, कुणाला ओलांडून पुढे जाऊ नका.

असे का होते हे समजण्यासाठी आपल्या जुन्या वातीविना स्टोव्हची आठवण काढा. त्याला रॉकेल आणि हवा यांचे प्रमाण जमले की ज्योत निळी होई, हवा कमी पडली की ती पिवळी होऊन भांडी काळी होत. इंजिनाचेही तसेच आहे. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे 15 भाग हवा लागते. हे मिश्रण तयार करणारे भांडे म्हणजे कार्ब्युरेटर. आपण पॅडल दाबतो तेव्हा पेट्रोल सोडतो अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक आपण उघडतो ते हवेचे दार. हवा हलकी, ती दार उघडताच आत धावते. पेट्रोल जड, ते मागे राहते. शिवाय दार बंद असताना इंजिनाच्या आतल्या ओढीमुळे पेट्रोलची वाफ चटकन होत असते. दार एकदम उघडले की ती ओढ कमी होते आणि पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. त्या क्षणापुरते मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ते पेटत नाही आणि गाडी थबकते.

ही उणीव भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. त्याला अॅक्सिलरेटर पंप म्हणतात. पॅडल दाबले की एक रबरी पडदा दाबला जातो आणि पेट्रोलची बारीक चिळकांडी आत उडते. फोडणीत पाण्याचा हबका मारावा तसा हा वेळेवरचा एक हबका. तो चुकला, की अडखळणे आलेच. म्हणून दुखणे शोधताना पहिला संशय याच्यावर घ्यावा. पण पहिला संशयित हाच गुन्हेगार असतो असे नाही. पातळ मिश्रण इतर मार्गांनीही होते आणि मिश्रण ठीक असूनही ठिणगी दुबळी असेल तर लक्षण तेच दिसते.

तेव्हा बॉनेट उघडण्यापूर्वी गाडीला प्रश्न विचारावेत. चांगला वैद्य औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी रोग्याला बोलते करतो, तसे.

पहिला प्रश्न, कधी अडखळते? पॅडल दाबताक्षणी अडखळत असेल तर पंप, हवेची गळती किंवा ठिणगी यांत दोष. दाबताना ठीक, पण पसरणीचा घाट चढताना दोनचार मिनिटांनी दम तुटत असेल, तर पेट्रोल पुरेसे पोचत नाही.

दुसरा प्रश्न, पॅडल अगदी हळूहळू दाबले तर? हळू दाबल्यावर गाडी बिनतक्रार वेग घेते आणि एकदम दाबल्यावरच थबकते, तर पंपावरचा संशय बळावतो. दोन्ही वेळी अडखळली तर अन्यत्र शोधा.

तिसरा प्रश्न, थंड असताना की गरम झाल्यावर? थंडीत सकाळी पहिल्या मिनिटात थोडे अडखळणे जुन्या गाडीचा धर्मच आहे. चोक त्यासाठीच असतो. उलट फक्त तापल्यावर अडखळत असेल, तर नळीत पेट्रोलची वाफ कोंडते आहे का, किंवा कॉइल आणि कंडेन्सर तापून दुबळे होतात का, ते पाहावे.

चौथा प्रश्न फार उपयोगी आहे. गाडी गरम असताना, मोकळ्या रस्त्यावर, चोक किंचित ओढून चालवून पाहा. चोकने मिश्रण दाट होते. त्याने अडखळणे कमी झाले, तर मिश्रण पातळ होते हे नक्की. वाढले, किंवा मागून काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त आहे किंवा दोष ठिणगीत आहे. परीक्षा झाली की चोक परत आत ढकलावा.

या चार उत्तरांची नोंद वहीत करावी. आपण दुधाची, इस्त्रीची वही ठेवतोच. तशीच ही एक.

आता बॉनेट उघडू. त्याआधी थोड्या सूचना. पदर किंवा ओढणी घट्ट खोचावी, मंगळसूत्र आत घ्यावे, सैल केस बांधावेत. पंख्याचा पट्टा कुणाची भीड धरीत नाही. बॅटरीजवळ काम करताना बांगड्या आणि अंगठी काढून ठेवावी. जवळपास आग नको, उदबत्तीसुद्धा नको. दसऱ्याला गाडीची पूजा करताना निरांजन ओवाळतो, तेही बॉनेट मिटलेले असताना. काम मोकळ्या जागी करावे, बंद पडवीत किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही.

प्रथम हवेची गाळणी काढून उजेडाकडे धरून पाहावी. धुळीने भरली असेल तर बदलावी. मग इंजिन पूर्ण बंद आणि थंड असताना कार्ब्युरेटरच्या घशात बॅटरीच्या उजेडाने पाहावे आणि दुसरीला पॅडल दाबावयास सांगावे. दाबताक्षणीच पेट्रोलची बारीक, सरळ चिळकांडी दिसली पाहिजे. ती उशिरा आली, ठिबकली किंवा आलीच नाही, तर पंपाचा पडदा फाटला आहे किंवा त्याचे छिद्र तुंबले आहे. इंजिन चालू असताना मात्र या घशात कधी डोकावू नये. इंजिनाने उलटा भडका मारला तर तोंड भाजेल.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. स्टोव्ह तुंबला की त्याला पिन मारावयाची आपली जुनी सवय. कार्ब्युरेटरच्या जेटला पिन किंवा तार कधी घालू नये. पितळेचे ते छिद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून पाडलेले असते. तारेने ते रुंद झाले, की गाडी कायमची पेट्रोल जास्त पिऊ लागते. जेट धुवून हवेच्या झोताने साफ करावयाचे असते.

दुसरी तपासणी हवेच्या चोरवाटांची. कार्ब्युरेटरच्या पुढून कुठूनही मोजणीबाहेरची हवा आत शिरली तर मिश्रण पातळ होते. रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात, चिरा चटकन दिसतात. इंजिन उभ्या जागी चालू ठेवून सुसू असा आवाज येतो का ते ऐकावे. कार्ब्युरेटरच्या बुडाच्या सांध्यावर साबणाचे पाणी थोडे लावावे. तेवढ्याने इंजिनाचा सूर क्षणभर बदलला, तर तिथे गळती आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरला, ज्याला मिस्त्री डेल्को म्हणतात, एक चपटी गोल डबी जोडलेली असते आणि कार्ब्युरेटरपासून तिच्यापर्यंत बारीक नळी जाते. तिचे काम इंजिनावरील भाराप्रमाणे ठिणगीची वेळ मागेपुढे करण्याचे. नळीचे कार्ब्युरेटरकडील टोक काढून तोंडाने हवा ओढावी आणि जिभेने टोक बंद करावे. ओढ टिकून राहिली तर डबी शाबूत. सतत हवा येत राहिली, तर तिचा पडदा फाटला आहे.

तिसरी तपासणी पेट्रोलच्या वाटेची. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत गाळणी, नळी आणि एसी पंप असा प्रवास आहे. गाळणीत गंज किंवा गाळ दिसला तर ती बदलावी. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी वाट ठेवलेली असते. ती बुजली, तर टाकीत निर्वात होऊन पेट्रोल पुढे येत नाही. गाडीचा दम तुटल्यावर झाकण उघडताच हवा सूं करून आत गेली आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर चोर सापडला.

चौथी तपासणी ठिणगीची. पॅडल दाबले की सिलिंडरमध्ये मिश्रण अधिक भरते, दाब वाढतो, आणि दाटीत उडी मारणे ठिणगीला अवघड जाते. म्हणून दुबळी ठिणगी उभ्या जागी निभावून नेते, पण वेग वाढविताना दगा देते. प्लग काढून त्यांचे रंग पाहावेत. टोक बिस्किटाच्या रंगाचे असले तर प्रकृती उत्तम. पांढरेफटक असले तर मिश्रण पातळ, काजळीने काळे असले तर दाट. चारांपैकी एकच वेगळा असेल, तर दोष त्या एका सिलिंडरपुरता. प्लग काढताना वायरींवर 1, 2, 3, 4 अशा चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात, म्हणजे अदलाबदल होत नाही. डेल्कोच्या आतील पॉइंट खड्डे पडून जळलेले आहेत का, त्यांच्यातील फट बरोबर आहे का, ते पाहावे. ही फट बहुधा 0.4 ते 0.5 मिलिमीटर असते. आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेली धरावी. शेवटी रात्री दिवे मालवून, इंजिन चालू ठेवून, हात दूर ठेवून वायरींकडे पाहावे. चिरलेल्या वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. पावसाळ्यात तर हमखास.

आता आमच्या गाडीचे काय झाले ते सांगते. एका गॅरेजमध्ये तिला पाच मिनिटे पाहून "कार्ब्युरेटर पूर्ण नवा घाला" असा सल्ला मिळाला होता. मी वही पाहिली. दाबताक्षणी अडखळणे, हळू दाबल्यास ठीक, चोक ओढल्यावर सुधारणा, प्लग पांढरट. चारही बोटे एकाच दिशेला. घशात पाहिले तो चिळकांडी नव्हतीच; दोन थेंब ठिबकले. आमच्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींनी पंप उघडला. पडदा कुकरच्या जुन्या रिंगेसारखा कडक होऊन कडेला चिरला होता. नव्या कार्ब्युरेटरच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत तो बदलला. सपाट रस्त्यावर गाडी सुधारली. पण घाटात जरासा झटका राहिलाच. रात्री अंधारात पाहिले, तर तिसऱ्या प्लगची वायर ठिणग्या सांडीत होती. जुन्या गाडीत दोन आजार एकत्र नांदतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, गाडी चालवून पाहावी, मग दुसरी. सगळे एकदम बदलले, तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही आणि पैसेही जास्त जातात.

तो पडदा इतका का कडक झाला, हेही मी मिस्त्रींना विचारले. वय हे एक कारण. दुसरे कारण आपल्या शेताशी निगडित आहे. 2025 पासून देशभर पंपांवर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. हे इथेनॉल ऊस, मका, तांदूळ यांपासून होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मी नाकारीत नाही. पण पद्मिनीच्या काळचे रबर त्यासाठी बनविलेले नव्हते. ते त्यात फुगते किंवा कडक होऊन चिरते. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध इथेनॉलला वजनाने 9 भागच हवा पुरते. म्हणून पूर्वीच्या पेट्रोलवर जुळविलेल्या कार्ब्युरेटरमधून मिश्रण थोडे पातळच पडते आणि आधीच काठावर असलेली गाडी अडखळू लागते. इथेनॉल पाणीही शोषून घेते. तेव्हा जुनी गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये, नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत, आणि जेटची जुळणी जाणत्याकडून तपासून घ्यावी.

ज्यांच्या गाड्या इंजेक्शनच्या आहेत, त्यांच्यात कार्ब्युरेटर आणि हा पंप नसतो. तिथे हवेच्या दारावरचा काजळीचा थर, दार किती उघडले हे सांगणारा सेन्सर, हवेचा दाब मोजणारा सेन्सर, मंदावलेला पेट्रोल पंप किंवा तुंबलेले इंजेक्टर यांकडे पाहावे लागते. त्यासाठी यंत्र लावून संगणकातील दोष वाचतात. पण चार प्रश्न, हवेच्या चोरवाटा, गाळणी आणि प्लग यांची तपासणी तिथेही उपयोगी पडतेच. चोकचा प्रश्न तेवढा वगळावा.

हे सारे ऐकून कुणी म्हणेल, "मग मिस्त्री कशाला?" भगिनींनो, मिस्त्री हवाच. कार्ब्युरेटर उघडणे हे माझे काम नाही. पण कार्ब्युरेटर कानाने ओळखणारे जुने हात आता थोडे राहिले आहेत. नवी मुले हुशार आहेत, पण त्यांचे शिक्षण वेगळ्या गाड्यांवर झाले आहे. अशा वेळी दुखणे नीट सांगणारी मालकीण भेटली, तर त्यांचेही काम सोपे होते. "गाडी बरोबर नाही हो" असे म्हटले की समोरचा अंदाज करतो आणि अंदाजाचे पैसे आपण भरतो. त्याऐवजी म्हणावे, "गरम असताना, एकदम दाबल्यावर थबकते, चोक ओढल्यावर सुधारते, पंपाची चिळकांडी येत नाही." पूर्वी आमच्या घरचे पुरुष बरोबर असले की मिस्त्री त्यांच्याशी बोलत आणि मी बाजूला उभी. या वाक्यानंतर त्या वयस्क मिस्त्रींनी पडदा उघडून थेट माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हे बघा ताई, तुमचं बरोबर निघालं." बदललेला जुना भाग असा नेहमी मागून घ्यावा. त्यावरून पुष्कळ कळते.

शेवटी एक सूचना मंडळापुढे ठेवते. प्लग काढण्याचा पाना, फट मोजण्याचे फीलर गेज, एक चांगली बॅटरी आणि वायरीच्या चिठ्ठ्या, एवढे साहित्य मंडळाने एका डब्यात ठेवावे. आपल्याकडे शिलाईयंत्र आणि लग्नकार्याची मोठी पातेली सभासदांना मिळतात, तसाच हा डबाही मिळावा. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी आमच्या दारी यावे. गाडी थंड असेल, बॉनेट उघडे असेल आणि चहा तयार असेल.